पातीला घातलेले पाणी

विजयमाला गहिनीनाथ शिरसाट, माहेरच्या पालवे. जन्म १९६२, मृत्यू जानेवारी २०२५. आधार कार्डावर त्यांची जन्मतारीख एक जून अशी आहे. त्यांच्या पिढीतल्या अर्ध्या गावाची तीच असल्यामुळे तिच्यावर विसंबता येत नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्या आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जात आणि तेव्हा त्यांच्या डोक्यावर खडीची लहान पाटी पेलत असे, एवढ्या आठवणीवरून वर्ष धरलेले आहे. वास्तव्य पाथर्डी तालुक्यात, तिसगावजवळच्या शिरसाट वस्तीवर. उपजीविका आधी ऊसतोड, मग स्वतःच्या रानातला कांदा, आणि उतारवयात आठवडी बाजारात कांद्याच्या पातीच्या जुड्या विकणे. मागे मुलगा ओंकार, चाकणला कंपनीत. मुलगी ज्योती, श्रीरामपूरला दिलेली.

त्यांच्याविषयी वस्तीवर कुणालाही विचारले असते तर एवढेच सांगितले गेले असते, आणि मग आवाज किंचित खाली आणून आणखी एक वाक्य: ह्या बाईनं नवऱ्याला पान्यावाचून ठिवलं. हे वाक्य खोटे असते तर विजयमालाबाईंनी सांगणाऱ्याचे तोंड तिथल्या तिथे बंद केले असते. त्या काही गरीब गाय नव्हत्या. परंतु ते खरे होते, आणि त्यांच्या आयुष्याची शेवटची तीन वर्षे त्या खरेपणाचे काय करायचे, या एकाच विवंचनेत गेली.

गहिनीनाथांची तहान सगळ्या टोळीत प्रसिद्ध होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. शिरसाटांचा हा कोयता तरुणपणापासून केस पांढरे होईपर्यंत दर दिवाळीनंतर बाहेर पडे आणि श्रीरामपूर, संगमनेरच्या पट्ट्यात उन्हाळ्यापर्यंत फिरे. गहिनीनाथ तोडत, विजयमालाबाई वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याने, मोळ्या बांधत. फडाच्या कडेला गोणपाटात गुंडाळलेली घागर असे. गहिनीनाथ तांब्या तोंडापासून वीतभर वर धरीत, मान मागे टाकीत आणि एका दमात तो रिकामा करीत. घोटांचा आवाज चार सऱ्यांपलीकडे ऐकू जाई. टोळीतली माणसे चेष्टा करीत, की ह्याला विहिरीवर सोडून या, संध्याकाळी तळ दिसेल. विजयमालाबाईंना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की मान वर न करता, केवळ घोट ऐकून, नवरा कुठल्या सरीत उभा आहे हे त्या सांगू शकत.

२०१९ साली गहिनीनाथांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी कारणे समजावून सांगितली: वर्षानुवर्षांचे ऊन, घाम, अंगदुखीसाठी खाल्लेल्या गोळ्या. विजयमालाबाईंच्या ध्यानात राहिले ते पथ्य. आठवड्यातून दोन वेळा नगरला डायलिसिस, आणि दिवसभराचे पाणी मापून. लघवी बंद पडत आलेल्या माणसाच्या अंगातल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. ते आधी पायांत साठते, मग पोटात, मग छातीत, आणि छातीत साठले की श्वास कोंडतो. डॉक्टरांनी एक प्लास्टिकची बाटली हातात घेऊन तिच्यावर पेनाने रेघ ओढली. चहा, ताक, कालवणाचा रस्सा, सगळे त्या रेघेच्या आत बसवायचे होते.

ती रेघ सांभाळणे हे विजयमालाबाईंचे काम झाले, आणि त्यांनी ते हयगय न करता केले. माठ आतल्या खोलीत गेला आणि त्या खोलीच्या कडीला कुलूप लागले. आंघोळीचे पाणी त्या स्वतः अंगावर घालू लागल्या, कारण चूळ भरण्याच्या निमित्ताने गहिनीनाथ पाणी गिळून टाकीत. ओल्या टॉवेलचा कोपरा चोखताना ते सापडले. एकदा कोंबड्यांपुढची परात उचलून तोंडाला लावताना सापडले, तेव्हा विजयमालाबाईंनी ती त्यांच्या हातातून हिसकावून घेतली आणि ओट्याखाली ओतून दिली. भेटायला माणसे आली की गहिनीनाथ त्यांच्यादेखत मुद्दाम पाणी मागत, आणि त्यांच्यादेखत विजयमालाबाई नाही म्हणत. वस्तीवरच्या त्या वाक्याचा उगम तिथे आहे.

वेळ जावा म्हणून गहिनीनाथांनी पात लावली. डायलिसिसच्या द्रावणाचे रिकामे पांढरे कॅन दवाखान्याच्या मागे पडलेले असत, परतीच्या एस.टी.त ते एखादा मांडीवर घेऊन येत. ओट्यावर बसून ते कॅन आडवे कापत, तळाला तापल्या सळईने भोके पाडत, पोयट्याची माती आणि शेणखत भरत, आणि कांदाचाळीतले कोंब फुटलेले, विक्रीतून बाद झालेले कांदे त्यात शेजारी शेजारी रोवत. वरून हिरवी जाळी बांधली. थोड्याच दिवसांत पात वीतभर वर येई, आणि वरून कापून नेली तरी त्याच कांद्याला पुन्हा फुटे. जुड्या बांधून बाजारात नेणे आणि पातीला पाणी घालणे, ही दोन्ही कामे विजयमालाबाईंकडे होती. गहिनीनाथांच्या हातात पाण्याचे भांडे देण्याइतका विश्वास उरलेला नव्हता. ते बाजेवर बसून नुसते पाहत. एकदा म्हणाले, "पातीला तरी घालतीस." विजयमालाबाई पुढच्या कॅनकडे वळल्या.

मार्च २०२२ मधली ती दुपार होती. रेघेपर्यंतचे पाणी गहिनीनाथांनी सकाळीच संपवले होते. दुसऱ्या दिवशी डायलिसिसचा वार होता, आणि तोवर त्यांचा श्वास नीट चालावा एवढेच विजयमालाबाईंच्या मनात होते. गहिनीनाथांनी पाणी मागितले. नेहमीसारखे ओरडून नव्हे. अगदी सांभाळून, एखाद्या परक्या घरी मागावे तसे. "संध्याकाळी देते," विजयमालाबाई म्हणाल्या आणि शेळ्यांना पाला टाकायला मागे गेल्या. परतल्या तेव्हा गहिनीनाथ बाजेवर गेलेले होते. मान मागे टाकलेली होती आणि तोंड उघडे होते, वर धरलेल्या तांब्याची वाट पाहत असावे तसे.

जाणाऱ्याच्या मुखात तुळशीच्या पानावरून पाण्याचे दोन थेंब सोडतात. ते वैऱ्यालाही कुणी नाकारत नाही. विजयमालाबाईंनी कुलूप काढून, माठातून वाटी भरून आणली आणि नवऱ्याच्या तोंडात पाणी घातले. ते आत गेले नाही. ओठांच्या कडेने उशीवर उतरले.

अलीकडे त्या भागात रक्षा नदीत न सोडता आपल्याच रानात खड्डा घेऊन त्यात घालतात आणि वर झाड लावतात. गहिनीनाथांचे धाकटे बंधू कानिफनाथ हे रीतीभातींविषयी दक्ष असले तरी या नव्या रीतीचे पुरस्कर्ते होते. सावडण्याच्या दिवशी त्यांनी बांधाजवळ खड्डा घेतला, रक्षा त्यात ओतली आणि केशर आंब्याचे रोप लावले. सगळे पाया पडले. विजयमालाबाई वाकल्या तेव्हा त्यांनी एक मूठ रक्षा पदरात घेऊन गाठ मारली. कुणाच्या लक्षात आले नाही. त्यांचा विचार साधा होता. रान लांब, विहीर आटलेली. आंब्याला पाणी भावजींच्या सवडीने मिळणार, आणि तिथे पुन्हा गहिनीनाथांनी दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहायची. मूठभर तरी घरी, पाण्याजवळ, हाताशी असावेत.

घरी येऊन त्यांनी दाराजवळच्या कॅनमधली माती बोटांनी उकरली, मूठ तिच्यात मिसळली आणि तांब्याभर पाणी ओतले. मार्चची माती तापून भेगाळलेली होती. पाणी आत शिरले तशी आतली हवा वर आली, आणि मातीतून लागोपाठ घोटांचा आवाज आला. कोरड्या मातीत पाणी मुरताना तो येतोच. विजयमालाबाईंनी जन्मभर वाफे भिजवलेले होते. त्यांना हे ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? तरी त्या दारात तशाच बसून राहिल्या, आणि आवाज थांबल्यावर त्यांनी आणखी एक तांब्या ओतला.

त्या दिवसापासून सकाळी स्वतः चहा घेण्यापूर्वी दाराजवळच्या कॅनला पाणी, जेवण्यापूर्वी पाणी, बाहेर जाताना आणि आल्यावर पाणी असा क्रम सुरू झाला. नळाला पाणी उशिरा आले तर त्या स्वतः न पिता थांबत. एकाच कॅनला घालणे त्यांना संकोचाचे वाटे, म्हणून बाकीच्यांनाही मिळे. माती वाळायची थांबली. वरचा थर हिरवट-काळा आणि मऊ झाला, त्याला कुबट वास येऊ लागला. घोटांचा आवाजही बंद झाला, कारण भिजलेल्या मातीत शिरायला पाण्याला जागाच नव्हती. आवाज यावा म्हणून त्या आणखी ओतू लागल्या.

पावसाळा उलटता उलटता चिलटे आली. बारीक, काळी, लांब पायांची. उडण्यात जोर नसलेली. ती प्रथम दाराजवळच्या कॅनमध्येच दिसली. पातीला हात लावला की मातीतून धूर निघावा तशी वर येत आणि विजयमालाबाईंच्या तोंडापुढे घोटाळत. ओठांवर, नाकाशी, डोळ्यांच्या कडांना. त्या पाणी ओतत, तेव्हा ती क्षणभर पांगत आणि मग ओल्या मातीवर शांत बसत. विजयमालाबाईंना याचा अर्थ लावायला कुणाची मदत लागली नाही. मागायला येतात, मिळाले की बसतात. उद्या पुन्हा येतात, कारण आजचे पुरलेले नसते.

पात पिवळी पडू लागली. शेंडे वाळले, बुंधे मऊ झाले, आणि एखादी ओढली तर मुळावाचून हातात येई. दाराजवळच्या कॅनमधली पात त्यांनी मुळातच कधी कापली नव्हती. आता बाकीच्या कॅनमध्येही जुडीजोगी उरली नाही. बाजारातली त्यांची जागा बनुबाईंच्या शेजारी होती. बनुबाई मेथी-शेपू विकत, वयाने थोरल्या आणि जिभेला हाड नसलेल्या. शेजारणीची पाटी अर्धी पाहून त्यांनी आधी टोमणा मारला, की माले, पात विकतीस का पातीचं दर्शन देतीस. मग चिलटांचे ऐकल्यावर मनापासून उपाय सांगितला, जो त्या भागातल्या कुठल्याही बाईने सांगितला असता.

"आगं, चुलीतली राख टाक की वरून मूठभर. राखंपुढं कुनाचं काय चालतं?"

विजयमालाबाई उठल्या आणि पाटी तिथेच ठेवून बसस्टँडकडे चालू लागल्या. पाटी बनुबाईंनी मागाहून टेम्पोवाल्याच्या हाती पाठवली. त्यानंतर विजयमालाबाई बाजारात गेल्या नाहीत.

दिवाळीनंतर ज्योती माहेरी आली ती काकांच्या निरोपावरून. ज्योतीच्या सासरी, श्रीरामपूरला, भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. ट्रेमध्ये रोपे वाढवून विकण्याचे काम ती स्वतः पाहते. ओट्यावर पाऊल ठेवताच तिने वास ओळखला आणि कॅनवर वाकून पाहताच चिलटेही ओळखली. आई वाळून गेली होती. तिच्या डोळ्यांच्या कडांना चिलटे बसत होती आणि ती त्यांना हाकलत नव्हती, हे पाहून ज्योतीला भीती वाटली.  दुसऱ्या दिवशी तिने सासरहून पिवळे चिकट पत्रे मागवून घेतले. चिलटांना पिवळा रंग ओढतो. ती येऊन बसतात आणि डिंकाला चिकटतात. ज्योतीने प्रत्येक कॅनमध्ये काडीला एकेक पत्रा लावला. संध्याकाळपर्यंत ते तिळाच्या वडीसारखे दिसू लागले.

पहाटे ज्योती उठून बाहेर आली तेव्हा विजयमालाबाई ओट्यावर बसलेल्या होत्या. मांडीवर दाराजवळच्या कॅनमधला पत्रा होता, शेजारी गोडेतेलाची वाटी. तेलात बुडवलेल्या काडेपेटीच्या काडीने त्या एकेक चिलट सोडवीत होत्या. पंख पत्र्यावर राहत आणि अंग काडीवर येई. सुटलेली त्यांनी पदरावर ठेवली होती. त्यांतले एकही उडाले नव्हते.

"आई, काय करतीस?"

"सोडवतीया."

"चिलटं हायेत ती."

"मग माझ्याच तोंडाशी का येत्यात?"

"माझ्याबी येत्यात. श्वासाला येत्यात ती, आई. ट्रेवर वाकलं की नाकातोंडात जात्यात."

विजयमालाबाईंनी काडी खाली ठेवली. मग गेले आठ महिने कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. "त्या कॅनात तुझे नाना हायेत," त्या म्हणाल्या. पदराची गाठ, मूठ, घोटांचा आवाज, सगळे सांगितले. तोंडात घातलेले पाणी उशीवर उतरले हेही सांगितले. ते ज्योतीला ठाऊक नव्हते.

ज्योतीने वाद घातला नाही. तिने पत्रे सगळे काढले आणि चुलीत न घालता मागच्या चिंचेखाली पुरले, कारण आई पाहत होती. मग ती स्वयंपाकघरात गेली, एक बटाटा सोलला, त्याच्या जाड चकत्या केल्या आणि प्रत्येक कॅनमध्ये मातीवर एकेक दाबून ठेवली. सासरी ट्रेमध्ये अळी आहे की नाही ते असेच पाहतात.  नैवेद्य असावा असे कदाचित आईला वाटले असेल.

दोन दिवसांनी ज्योतीने आईला हाताला धरून दाराजवळच्या कॅनपाशी बसवले आणि चकती उलटी केली. खालच्या बाजूला अळ्या वळवळत होत्या; काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या, डोके तेवढे काळे. मग तिने एक कांदा मातीतून उचलला. मुळांच्या जागी तपकिरी चिखल होता आणि त्यातही त्याच अळ्या.

"सदा वली माती असली की वर बुरशी धरती. बुरशीवर ह्या वाढत्यात, बुरशी संपली की मुळं खात्यात. चिलटं ह्यांच्यातूनच निघत्यात." ज्योतीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि राहिलेले सांगितले. "तू घातलेलं पानी नानांना न्हाई पोचत, आई. ह्यांना पोचतं."

विजयमालाबाईंनी चकती हातात घेतली, जवळ धरून पाहिली आणि होती तशी परत ठेवली.

"म्हंजी पानी तोडायचं," त्या म्हणाल्या. "पुन्ना?"

"वरची माती पार वाळंपर्यंत. दुसरा विलाज न्हाई. मी तोडते, तू श्रीरामपूरला चल माझ्यासंगं तोवर."

"न्हाई. त्येंच्या पान्याचं माप माझ्याकडं हुतं. दुसऱ्याच्या हातानं न्हाई तोडायची मी."

तेव्हा ज्योतीनेच सासरी निरोप धाडला आणि ती वस्तीवर राहिली. कॅनवरची कुजकी पात तिने काढून टाकली, वरचा काळा थर खरवडला, निंबोळी पेंड मिसळली आणि बोटभर जाडीची कोरडी वाळू पसरली. वाळूतून चिलटाला अंडी घालायला ओल मिळत नाही. पाण्याचे भांडे ओट्यावरून उचलून तिने आत ठेवले. यापलीकडे करण्यासारखे काही नव्हते. आता फक्त न करणे होते.

पहिले काही दिवस चिलटे वाढल्यासारखी झाली. माती वाळू लागताच ती ओल शोधीत निघाली आणि ओट्यावर ओल होती ती माणसांची. चहाच्या कपाच्या काठावर, घासावर, विजयमालाबाईंच्या पापण्यांवर ती येऊ लागली. दुपारच्या वेळी, ज्या वेळी गहिनीनाथांनी शेवटचे मागितले त्या वेळी, विजयमालाबाई दाराजवळच्या कॅनपाशी बसत. आत जाऊन बसावे असे ज्योती सांगे. त्या जात नसत. त्या वेळी आपण मागे निघून गेलो होतो, एवढेच त्या म्हणत. चिलटे तोंडाशी घोटाळत. एकदा एक ओठांतून आत गेले. ज्योतीने पाणी पुढे केले, चूळ भर म्हणाली. विजयमालाबाईंनी मान हलवली आणि ते गिळून टाकले.

एका दुपारी ज्योती धुण्याला गेलेली असताना त्यांनी आत जाऊन तांब्या भरला. कॅनपाशी येऊन उभ्या राहिल्या. वाळूच्या कडेने खालच्या मातीला तडा गेलेला दिसत होता. तांब्या कलला, काठावर पाणी आले. ज्योती परतली तेव्हा आई तशीच उभी होती. पदर भिजलेला होता आणि वाळू कोरडी होती. ज्योतीने हात लावला नाही. बऱ्याच वेळाने विजयमालाबाई ओट्याच्या कडेला गेल्या आणि तांब्या अंगणात उपडा केला. मग त्या रडल्या. नवऱ्याच्या दिवसांतही त्या अशा रडल्या नव्हत्या, असे ज्योती सांगते.

हळूहळू चिलटे विरळ झाली. धूर निघावा तशी येणारी आता मोजकी येऊ लागली, मग एखाददुसरे, आणि मग एका सकाळी विजयमालाबाईंनी बाकीच्या कॅनमधली उरलीसुरली पात हलवली तेव्हा काहीच उठले नाही. त्या दाराजवळच्या कॅनवर वाकल्या आणि त्यांनी तोंड उघडून मातीवर श्वास सोडला, एकदा, दोनदा. वाळूचे कण हलले, बाकी काही नाही.

"गेले," त्या म्हणाल्या. ज्योतीला त्या आवाजात समाधान ऐकायचे होते. ते त्यात नव्हते. रोगी बरा झाल्याचा तो शब्द नव्हता. घर मोकळे झाल्याचा होता.

बाकीच्या कॅनमध्ये ज्योतीने नवे कांदे रोवले आणि वरून पाणी घालायची पद्धत बंद केली. कॅन पाणी भरलेल्या परातीत ठेवायचा, तळाच्या भोकांतून मुळे लागेल तेवढे ओढून घेतात आणि वरची माती कोरडी राहते. पात पुन्हा हिरवी झाली. दाराजवळच्या कॅनमधला एकही कांदा वाचला नव्हता. त्यात नवा रोवायला विजयमालाबाईंनी नकार दिला. ही माती वाहत्या पाण्यात सोडायची, असे त्यांनी सांगितले. कानिफनाथांना हे कळले तेव्हा ते फार रागावले, की वहिनी, एका माणसाची रक्षा दोन ठिकाणी करून तुमी त्याला दोन ठिकाणी आडकवून ठिवला. विजयमालाबाईंनी ते ऐकून घेतले. तरीही प्रवरासंगमाला जायची गाडी कानिफनाथांनीच ठरवली आणि चालकाशेजारी तेच बसले.

संगमावर पाणी भरपूर होते. विजयमालाबाई घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसल्या आणि कॅन तिरपा करून पाण्यात धरला. माती ओतली नाही. नदी आत शिरली, आतली हवा बुडबुड्यांनी वर आली, आणि माती थोडी थोडी करून आपणहून गेली. कॅन पांढरा दिसू लागेपर्यंत त्यांनी तो तसाच धरला. कानिफनाथ वरच्या पायरीवर पाठ करून उभे होते. तेव्हा विजयमालाबाईंनी ज्योतीला विचारले, अगदी हळू:

"त्या दुपारी मी दिलं असतं, तर काय झालं असतं?"

घोटभर पाण्याने गहिनीनाथ वाचले असते असे नाही. मेले असते असेही नाही.  नगरच्या डॉक्टरांना विचारून सांगते, असे ज्योती म्हणाली. "इचार," विजयमालाबाई म्हणाल्या.

पुढची दोन वर्षे त्या पुन्हा बाजारात गेल्या. बनुबाईंनी जागा राखून ठेवलेली होती आणि त्याबद्दल ऐकवायलाही सोडले नाही. पातीला गिऱ्हाईक बरे होते. जानेवारी २०२५ मध्ये न्यूमोनियाचे निमित्त झाले आणि त्या श्रीरामपूरला मुलीच्या घरी वारल्या. मुखात पाणी ज्योतीने घातले; तेवढे आत गेले.

त्यानंतर जे निकाली निघाले ते असे. रानातल्या आंब्याशेजारी वहिनींच्या नावाचा दुसरा आंबा लावावा, अशी कानिफनाथांची इच्छा होती आणि ओंकारची तिला संमती होती. ज्योतीने ते होऊ दिले नाही. आईने शुद्धीत असताना तिला सांगितले होते, "माझ्या नावानं काय लावू नका. मग कुनीतरी पानी घालत बसंल." रक्षा सगळी, मुठीएवढीही मागे न ठेवता, संगमावर सोडली. कॅन बनुबाईंनी मागून नेले; त्यांच्या ओट्यावर त्यांत पात येते. आंब्याला कानिफनाथ पाणी घालतात.

देणे राहिले ते ज्योतीकडे. तिने डॉक्टरांना विचारले नाही. आई होती तोवर उत्तराचे भय वाटले, आणि संगमानंतर आईने तो विषय पुन्हा काढलाही नाही; फक्त ज्योती फोन करी तेव्हा बोलणे संपल्यावर विजयमालाबाई लगेच फोन ठेवत नसत, थोडा वेळ धरून थांबत. श्रीरामपूरहून ज्योती कामानिमित्त नगरला अधूनमधून जाते. तो दवाखाना बसच्या वाटेवरच आहे. ती अजून उतरलेली नाही.